फुकट ते पौष्टिक! पर्यावरणाच्या विद्यार्थ्यांची शिदोरी

पदवीला असताना ‘पर्यावरण अभ्यास’ नावाचा पेपर तुम्हीही दिला असेल. शाखा कुठलीही असो, तो कुणालाच चुकत नाही. प्रकल्पाची वही आदल्या रात्री मैत्रिणीकडून आणायची, उतरवून काढायची, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’चं एक चित्र डकवायचं आणि मोकळं व्हायचं, अशी त्याची थोर परंपरा. हा पेपर आपल्या माथी मारला तो मात्र सर्वोच्च न्यायालयाने! एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर १९९१ साली आदेश निघाला आणि पदवीच्या वर्गात तो पोचायला २००३ उजाडलं. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी एक पाठ्यपुस्तक लिहून घेतलं. ते लिहिणारे पुण्याचे डॉ. एरच भरुचा पेशाने सर्जन. पुस्तकाची पीडीएफ आजही फुकट उतरवून घेता येते.

वकिलाने भांडावं, सर्जनने पुस्तक लिहावं, असा हा विषय. कुंपण असं त्याला नाहीच. आणि त्याचा कच्चा माल, म्हणजे उपग्रहचित्रं, पावसाच्या नोंदी, समुद्राचं तापमान, पाखरांचे थवे, बहुतेक सगळा उघड्यावर पडलेला आहे. तरी आपली पोरं ‘सर, डेटा कुठून आणू?’ म्हणत केबिनबाहेर ताटकळतात. त्यांच्यासाठी ही शिदोरी.

सहाशे डॉलरचा फोटो

लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ साली आकाशात गेला. तेव्हापासून ही मालिका पृथ्वीचे फोटो काढते आहे. पण कित्येक वर्षं ते फोटो विकत घ्यावे लागायचे, आणि एका चित्राला साधारण ६०० डॉलर पडायचे. आपल्याकडच्या संशोधकाने एकच चित्र मागवायचं आणि त्यावरच पीएचडी उरकायची! २००८ मध्ये अमेरिकेने सगळं कोठार मोफत खुलं केलं. पुढे २०१३ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या मॅथ्यू हॅन्सन यांच्या गटाने जगातल्या जंगलांच्या घटीचा नकाशा तयार केला. त्यासाठी किती चित्रं चाळली? ६,५४,१७८. जुन्या दराने हिशोब केला तर बिल ३९ कोटी डॉलरच्या पुढे जातं.

युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह १० मीटर इतक्या बारकाईने टिपतात आणि साधारण दर पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा दाखवतात. तेही फुकट. आपल्या इस्रोचं ‘भुवन’ २००९ पासून आहे. चित्रं उघडायला महागडं सॉफ्टवेअर हवं, ही सबबही चालणार नाही, कारण क्यूजीआयएस फुकट आहे. अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये ते लिहायला घेतलं, आणि आज जगभरातले स्वयंसेवक ते वाढवताहेत.

जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर एकाएकी गुलाबी झालं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर शाप-वरदानाच्या कथांना ऊत आला. त्याच आठवड्यांतली लँडसॅटची चित्रं ठेवली तर आधीचं हिरवं आणि नंतरचं गुलाबी पाणी शेजारीशेजारी दिसतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात फोफावणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांवर बोट ठेवलं. अशी कोडी गावोगावी आहेत. तुमच्या गावचं तळं दर उन्हाळ्यात किती आटतं, मागच्या टेकडीवर दहा वर्षांत किती प्लॉट पडले, याचं उत्तर लॅपटॉपवर बसून काढता येतं. ते काढलेलं कुणी फारसं दिसत नाही, हे दुर्दैव.

बूमरँगवाला साहेब आणि सिमला ऑफिस

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. पुण्यात सिमला कुठून आलं? भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला हललं आणि नाव सोबत घेऊन आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण चौक आणि रिक्षावाले नाव सोडायला तयार नाहीत.

या खात्याचा प्रमुख म्हणून १९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्राचा अनुभव शून्य. बूमरँग फेकण्याच्या नादामुळे मित्र त्यांना ‘बूमरँग’ वॉकरच म्हणायचे. मोसमी पावसाचा अंदाज बांधायचा म्हणून त्यांनी जगभरातल्या नोंदी जमवल्या, कारकुनांकडून आकडेमोडीचे डोंगर उपसून घेतले. पावसाचा अंदाज काही नीट जमला नाही. पण प्रशांत आणि हिंदी महासागरांवरचा हवेचा दाब आळीपाळीने वर-खाली होतो, हे त्यांना त्या आकड्यांत सापडलं. आज एल निनोच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागचा अर्धा शोध हाच. आता विचार करा, वॉकरना जे आकडे टपालाने महिनोन् महिने मागवावे लागले, ते तुम्हाला एका क्लिकवर मिळतात. १९०१ पासूनचा देशभरातला रोजचा पाऊस, साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटरच्या चौकोनांत मांडलेला, हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. फाइल पहिल्यांदा उघडत नाही, हे खरं. तिच्यासाठी पायथनमध्ये ‘आयएमडीलिब’ नावाची फुकट लायब्ररी आहे, ती वापरा आणि डोकं वाचवा.

पाषाणची, १९६२ मध्ये स्थापन झालेली भारतीय उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्था, म्हणजेच आयआयटीएम, हा तर अजब कारखाना आहे. इथल्या संशोधकांनी केरळातल्या सागाच्या खोडातली वर्तुळं मोजून १४८१ ते २००३ अशी तब्बल ५२३ वर्षांची नोंद उभी केली. दुष्काळी वर्षी साग कमी वाढतो, वर्तुळ अरुंद पडतं, आणि झाड आपल्या पोटात पंचांग लिहून ठेवतं. याच संस्थेची महाबळेश्वरला २०१२ पासून ढगांची प्रयोगशाळा आहे. इतरांना ढग तपासायला विमान लागतं. इथे पावसाळ्यात ढग आपणहून दारात येतात. जागतिक हवामान अहवालांसाठी देशोदेशीची संगणकी प्रारूपं एकत्र चालवतात, त्यात भारतातलं पहिलं प्रारूपही याच संस्थेचं. त्या सगळ्या प्रारूपांचे निकाल विद्यार्थ्यांना खुले आहेत. हार्ड डिस्क मात्र मोठी घ्या.

अंटार्क्टिकाचा पिनकोड ‘एमएच’ने सुरू होतो

हे वाचून हसू नका, खरं आहे. एप्रिल २०२४ मध्ये टपाल खात्याने अंटार्क्टिकावरच्या भारती केंद्रात शाखा उघडली आणि तिला प्रायोगिक पिनकोड दिला: एमएच-१७१८. तिथली पत्रं गोव्याला येतात, आणि गोव्याचं टपाल महाराष्ट्र परिमंडळात मोडतं. म्हणजे पेंग्विनही एका अर्थाने आपलेच गाववाले.

गोव्याचं नातं जुनं आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातूनच निघाली. माणसं २१, नेते डॉ. एस. झेड. कासिम, आणि गाजावाजा अजिबात नाही. दोन वर्षांनी निघालेल्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोचलेल्या पहिल्या स्त्रिया. अदिती पंत पुण्यात बीएस्सी करून शिष्यवृत्तीवर हवाई विद्यापीठात गेल्या, सागरी शास्त्र शिकल्या आणि पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, दोनापावलाच्या एनआयओत, रुजू झाल्या. ती संस्था १९६६ ची, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पोटी जन्मलेली.

आजच्या विद्यार्थ्यांना अंटार्क्टिकाला जाता येतं का? येतं. वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र मोहिमांसाठी विद्यापीठांकडून आणि संस्थांकडून प्रस्ताव मागवतं. प्रस्ताव तुमच्या मार्गदर्शकाने पाठवायचा, त्यात तुमचं काम बसवायचं. निवड झाली की वैद्यकीय तपासणी आणि मग उत्तराखंडात औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या देखरेखीखाली बर्फात राहण्याचा सराव. त्यामुळे अर्जाआधी थोडं पळायला लागा.

ज्यांना बोट लागते, त्यांच्यासाठी आर्गो आहे. जगभरच्या समुद्रांत सुमारे ४,००० तरंगती यंत्रं सोडली आहेत. प्रत्येक यंत्र हजार मीटर खोलीवर निवांत वाहत राहतं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतं, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतं आणि उपग्रहाला कळवून पुन्हा खाली जातं. नोंदी चोवीस तासांच्या आत सगळ्या जगाला मोफत. भारताचं या नोंदींचं केंद्र हैदराबादला इन्कॉइसमध्ये आहे. पाय ओले न करता अरबी समुद्रावर प्रबंध लिहायची सोय याहून चांगली कुठे मिळणार?

आणि काबो द रामच्या किल्ल्याकडे फिरायला जाणाऱ्यांना सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट. दक्षिण गोव्यातल्या या कड्यावर १९९३ पासून, मधला खंड सोडून, हवा बाटल्यांत भरून ऑस्ट्रेलियाच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवली गेली. पावसाळ्यात समुद्रावरून येणारी स्वच्छ हवा आणि हिवाळ्यात जमिनीवरून येणारी हवा, दोन्ही एकाच जागी मिळतात, म्हणून हा कडा. हवेची अशीच नोंद हवाईतल्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये ठेवायला सुरुवात केली तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ३१३ भाग होता. आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. ती सबंध मालिका एका छोट्याशा फाइलमध्ये मावते, आणि आलेख काढायला एक्सेल पुरतं.

पदवी नव्हती म्हणून नोकरी हुकली

सलीम अलींना प्राणी सर्वेक्षण विभागात पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही, कारण त्यांच्याकडे त्या विषयाची पदवी नव्हती. पुढे हातची नोकरीही सुटली, तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. दारातल्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बसून बघत राहिले. सुगरण नर अर्धं घरटं बांधतो, मादी येऊन तपासणी करते, पसंत पडलं तर ती राहते. मग नर ते पुरं करून देतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवं बांधकाम काढतो. १९३० साली छापलेल्या या निरीक्षणांनी त्यांचं नाव केलं. खर्च: खुर्ची आणि वेळ.

ते ज्या संस्थेशी जन्मभर जोडलेले राहिले, ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) १८८३ मध्ये आठ जणांनी काढली. त्यांत दोनच भारतीय, दोघेही डॉक्टर: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. संस्थेच्या संग्रहात आज लाखाहून अधिक नमुने आहेत, ग्रंथालय आहे, आणि हौशी माणसांसाठी अभ्यासक्रम आहेत. विज्ञानाची पार्श्वभूमी लागतेच असं नाही.

आजचं किहीम मोबाइलमध्ये आहे. पक्ष्यांच्या नोंदींचं ‘ई-बर्ड’ २००२ मध्ये सुरू झालं आणि आता त्यात शंभर कोटींहून जास्त नोंदी आहेत. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचा लेखाजोखा आहे, तो सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यांत बँकेतले कारकून आहेत, शाळामास्तर आहेत, निवृत्त काका आहेत. आणि तो मूळ डेटा कुठल्याही विद्यार्थ्याला मागितला की मिळतो. आयनॅचरलिस्टची कथा आणखी गमतीची. २००८ मध्ये बर्कलीच्या तीन विद्यार्थ्यांनी केलेला तो पदव्युत्तर प्रकल्प होता! तुम्ही पार्किंगमध्ये दिसलेल्या कोळ्याचा फोटो टाकता, कुणीतरी ओळख पटवतं, आणि योग्य परवाना दिलेला असला तर ती नोंद कोपनहेगनहून चालणाऱ्या जीबीआयएफ या जागतिक कोठारात जाऊन बसते. तिथे दोनशे कोटींहून जास्त नोंदी आहेत. फुलपाखरांसाठी कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं ‘आय फाउंड बटरफ्लाइज’ आहे, झाडांना पालवी-मोहोर कधी येतो हे दर आठवड्याला टिपायला ‘सीझनवॉच’ आहे. शाळेच्या आवारातला आंबा किंवा बहावा निवडला तरी भागतं.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभागाच्या ‘निसर्गानुभवा’त मचाणावर बसायला मिळतं. नावनोंदणी पटापट भरते. पाणवठ्यावर रात्रभर काहीही आलं नाही, तरी ‘काही आलं नाही’ हीही नोंद असते. शोधनिबंध लिहिणाऱ्यांना तिची किंमत कळते.

सतराव्या शतकातली देवनागरी आणि आजची भामटी जर्नलं

ॲम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापलेला ‘होर्तुस मलबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींवरचा ग्रंथ. त्याच्या पहिल्या खंडात चक्क देवनागरीतलं कोकणी प्रशस्तिपत्र आहे, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या वैद्यांच्या नावाने. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यांना झाडांची माहिती पुरवणाऱ्यांत हे तिघेही होते. पाहायचंय? बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत मोफत. २००६ पासून उभ्या राहिलेल्या या ग्रंथालयात सहा कोटींहून अधिक पानं आहेत, आणि बीएनएचएसच्या नियतकालिकाचे जुने अंकही त्यातच सापडतात.

नव्या निबंधांची अडचण मोठी होती. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे ती निम्मी सुटली आहे: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. मेख अशी की पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थाच आहेत. खाजगी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी ब्राउझरला निबंधांच्या मोफत प्रती शोधणारं ‘अनपेवॉल’ जोडावं, नाहीतर सरळ लेखकाला मेल करून प्रत मागावी. लेखक खूश होऊन पाठवतात. आपला निबंध वाचणारं कुणीतरी आहे, याचाच त्यांना जास्त आनंद असतो. आपल्या विषयावर आधी कोणी पीएचडी केली आहे का, हे पाहायला ‘शोधगंगा’ आहे. तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. साष्टांग नमस्कार घालून वाचावेत असे थोडे, चाळून बाजूला ठेवावेत असे पुष्कळ.

छापायची घाई झालेल्यांसाठी एक सूचना. ‘आदरणीय महोदय, आपला अमूल्य लेख तीन दिवसांत प्रसिद्ध करू’ असा मेल आला, की तो कचऱ्यात टाका. अशी भामटी जर्नलं ओळखायला आधार असलेली यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा आता जबाबदारी तुमच्यावरच आहे. कोइम्बतूरहून निघणारं ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ लेखकाकडून पैसे घेत नाही आणि वाचकाकडूनही नाही. सह्याद्रीतल्या नव्या जातींवर लिहिणाऱ्यांचं ते हक्काचं घर आहे.

आता पैशाचं बोलू

डेटा फुकट असला तरी खानावळ फुकट नसते. यूजीसी-नेटमध्ये पर्यावरणशास्त्राचा विषय क्रमांक ८९ आहे. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. सीएसआयआर-नेटमध्ये पृथ्वी, वातावरण आणि महासागर असा वेगळा पेपर आहे. गेटमध्ये पर्यावरणशास्त्र आणि अभियांत्रिकीचा पेपर २०२१ पासून आला, त्यामुळे आयआयटीचं दार आता सिव्हिलवाल्यांपुरतं राहिलेलं नाही. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या पीएचडी अधिछात्रवृत्त्या आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. सागरी जैवविविधता शिकायला परदेशी जाणाऱ्यांसाठी राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानचीही एक शिष्यवृत्ती आहे, पण किनाऱ्यावरच्या कॉलेजांतही तिचं नाव फारसं ऐकू येत नाही.

युरोपची इरास्मुस मुंडुस शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो देते आणि किमान दोन देशांत शिकवते. क्षेत्रकामासाठी ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनची छोटी अनुदानं आहेत. तिच्या संकेतस्थळावर मंजूर प्रकल्पांचे अहवाल उघडे असतात, त्यांतले चार वाचले तर प्रस्ताव कसा लिहावा हे कळतं. आणि आयडिया वाइल्ड नावाची अमेरिकन संस्था तर रोख रकमेऐवजी वस्तूच देते: दुर्बीण, जीपीएस, कॅमेरा ट्रॅप. पैसे दिले तर त्यांचं काय होतं, हे तिला ठाऊक असावं.

पण मला कुणी एकच योजना निवड म्हटलं, तर मी विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप निवडेन. बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन अकादम्या मिळून ती चालवतात. दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, विद्यावेतन आणि प्रवासखर्च. अर्ज बीएस्सीचा विद्यार्थीही करू शकतो, शिक्षकही. तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या मुलामुलींना प्रयोगशाळा आतून कशी असते हे इथे पहिल्यांदा दिसतं. अर्जात काय करायचं आहे ते शेदोनशे शब्दांत लिहावं लागतं आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे खुले असतात आणि बहुतेक जण शेवटच्या रात्री भरतात. तुम्ही गणपतीतच सरांना पत्राची आठवण करून ठेवा.